सूनबाईच्या सायकलचं कुलूप

४ मार्च १९६८, सोमवार

आमच्या गिरधरला कापसाच्या जिनिंगमधून दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी तो तिच्यात केळ्यांचे भाव लिहून फेकून देतो. यंदा मी घेतली. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, पण कुणाला दाखवायचंय?

आज मोठी बातमी. पोस्टमन आला. मला वाटलं धुळ्याच्या बहिणीचं कार्ड असेल, तिचे गुडघे धरलेत ना. तर नाही. सरकारी खाकी पाकीट, सूनबाईच्या नावाचं, मशीनवर छापलेलं. माझ्या नावाचं असं छापलेलं साठ वर्षांत काही आलं नाही, पण मी कशाला वाईट वाटून घेऊ? उघडून ठेवलं. तिला वेळ कुठे होता, ती चुलीपाशी होती.

जिल्हा परिषदेची ऑर्डर. बोरखेड्याच्या शाळेत मास्तरीण. ३० मार्चपर्यंत हजर व्हावे, अन्यथा ऑर्डर रद्द. लग्नाआधी तिने मास्तरकीचं पीटीसी केलं होतं हे मला माहीत होतं. लग्नाआधी माणसं काय काय करतात, मी ते मनात धरत नाही.

सूनबाई रडली. आनंदाने म्हणे. मी म्हटलं, रड बाई, पण आमटीपासून लांब, मीठ घालून झालंय.

६ मार्च, बुधवार

गिरधरने लेडीज सायकल आणली. दवाखान्यातली नर्सबाई रिटायर झाली, तिची. बोरखेडं आमच्या धरणगावपासून साडेचार मैल. सूनबाईला सायकल येते, हेही आजच कळलं. अंगणात एक चक्कर मारून दाखवली. चांगली मारते. पदर खोचलेला नव्हता, ते मी सांगितलं.

मला हरकत नाही. मी हरकत घेणाऱ्यातली बाईच नाही. शिक्षणाचा मला भारी आदर, मी स्वतः तिसरी. फक्त एक विचारलं. शाळेबाहेर सायकल दिवसभर निंबाखाली उभी राहणार. कुलूप कच्चं निघालं तर?

गिरधर म्हणाला, भंवरलालच्या दुकानातून चांगलं कुलूप आणतो. मी विचारलं, चांगलं हे कोण ठरवणार? तो म्हणाला, मग तूच ठरव आई, तूच परीक्षा घे, मी आता जेवू का?

झालं. कमलबाई भिंतीपलीकडून ऐकत होती, तिला साक्षीला बोलावलं आणि नियम सांगितला. घरातल्या साध्या वस्तूने मला जे कुलूप उघडता येईल ते नापास. नापास कुलपाची सायकल उंबऱ्याबाहेर जाणार नाही. आणि मला उघडता आलं नाही तर सूनबाईने खुशाल जावं, मी स्वतः दही घालीन हातावर. एस.टी.ने किंवा कुणाच्या गाडीवर बसून जायचं नाही, पाटलांची सून आहे. गिरधर नंतर म्हणाला की तो चिडून बोलला होता. चिडून बोललेलंही बोललेलंच असतं.

सूनबाई काही बोलली नाही. मी तिला मुलीसारखी वागवते, म्हणून ती बोलत नाही.

७ मार्च, गुरुवार, दुपारी

पास! म्हणजे मी पास, कुलूप नापास.

भंवरलालने गोल कुलूप बसवलं, मागच्या चाकाला धरून बसतं ते. बसवताना म्हणाला, “माजी, पाच वर्षांची ग्यारंटी. याला कुणी हात लावणार नाही.” मी म्हटलं, मी लावते की. माझ्या आईचं चांदीचं कानकोरणं कमरेच्या जुडग्यात असतं. ते आत घातलं, जरा वर, जरा डावीकडे, कानातला मळ काढतात तसं. दूध उतू जायच्या आत खट्‌कन उघडलं. दूध उतू गेलं, कारण सूनबाई ते सोडून बघायला आली होती.

तिचं तोंड असं झालं की मला हसू आलं. मी म्हटलं, अगं चोराने उघडलं असतं तर? बरं झालं ना घरातल्या माणसाने उघडलं? ती म्हणाली, हो आत्याबाई.

कमलबाई म्हणाली, “बेबाबाई, तुमना हात म्हंजे हात शे!” खरंच आहे. मलाच माहीत नव्हतं. साठ वर्षं भाकरी थापण्यात गेली.

९ मार्च, शनिवार

गल्लीत नाव झालं. सकाळी तोताराम शिंप्याची ट्रंक उघडून दिली, चावी विहिरीत पडली होती. दुपारी शेवंताबाईचं कपाट. कपाटात तिच्या नवऱ्याने लपवलेले फोटो सापडले, ते एक वेगळंच. शेवंताबाई अजून रडतेय. मी म्हटलं, कुलूप कच्चं होतं बाई, त्यात माझा काय दोष?

मुन्शिपालटीच्या नळाची पेटीही उघडून बघणार होते. कमलबाई म्हणाली राहू द्या.

१० मार्च, रविवार

भंवरलालने दुसरं कुलूप आणलं. साखळी आणि तिला लोंबतं कुलूप, तीन लिव्हरचं. तो जरा दुखावल्यासारखा वाटला. मारवाडी माणूस, दुकानाच्या मालाला नाव ठेवलेलं चालत नाही. “माजी, हे घ्या,” म्हणाला, “हे उघडलंत तर मी दुकानाची पाटी उतरवतो.”

साखळी ओट्याच्या खांबाला घालून सायकल बांधली. साखळी घालताना सूनबाईचं बोट सापडलं, नख काळं पडलं. मी म्हटलं, बघ, साखळी मजबूत आहे. चांगली गोष्ट असली की मी चांगलीच म्हणते.

११ मार्च, सोमवार

कानकोरणं आत जात नाही. भोक बारीक. सूनबाईच्या केसांतले आकडे घेतले, सगळे, अकरा होते. चोर काय बाजारातून हत्यार आणतो? हाताला येईल ते घेतो. म्हणून घरातलंच वापरायचं, हा माझा नियम. माझे आकडे मी घेतले नाहीत, मला अंबाडा लागतो.

नऊ मोडले. दोन वाकले. कुलूप उघडलं नाही, पण त्याला धाक बसला असावा.

सूनबाई केस मोकळे ठेवून भाकरी करत होती. मी म्हटलं, बांध गं, भाकरीत केस येतो. सुतळीने बांधले. सुतळीही छान दिसते तिला.

१२ मार्च, मंगळवार

स्वेटरची सुई, दाभण, उदबत्तीचा चिमटा. नाही. उद्यापासून पहाटे उठून प्रॅक्टिस करायची.

१३ मार्च, बुधवार

पहाटे जाग आली नाही. सूनबाईने उठवलं नाही. तिला काम होतं म्हणे, दळण.

१४ मार्च, गुरुवार, होळी

उघडलं!! छत्रीच्या काडीने. माजघरात सूनबाईची काळी छत्री टांगलेली असते, ट्रेनिंग कॉलेजात जाताना तिच्या वडिलांनी दिलेली. आत लाल दोऱ्याने नाव भरलंय, सुगंधा. त्यातली एक काडी काढली. ती लहान होती म्हणून दुसरी. मग मोजून चार काढल्या. चौथी दगडावर ठोकून चपटी केली, टोक वळवलं आणि कुलपात घालून नुसतं धरलं. नुसतं धरलं! लिव्हर एकेक करून हलली. माझ्या बोटांना कळलं, जसं शेंगेत दाणा आहे की नाही ते कळतं.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की पोळ्या लाटणाऱ्या बायका पोळपाट सोडून आल्या. दोन कुलपं नापास! भंवरलाल आला, कुलूप हातात घेऊन चारी बाजूंनी बघितलं, मग छत्री बघितली, मग सूनबाईकडे बघितलं. पाटी उतरवतोस ना, मी विचारलं. तो म्हणाला, “उतरवतो माजी. सण झाल्यावर.”

सूनबाईने छत्रीचं कापड घडी घालून ठेवून दिलं. मी म्हटलं, अगं मार्चमध्ये छत्री कशाला लागते? मला किती पुढचं सुचतं बघा.

१५ मार्च, शुक्रवार, धुळवड

सकाळी नळापाशी भंवरलाल, कमलबाई, तिचा नवरा वना आणि आमचा गिरधर, चौघं डोकं जुळवून उभे होते. पुना दूधवालाही कासंड्या खाली ठेवून ऐकत होता. मी दिसल्याबरोबर गप्प. गिरधरने तर अंगावर रंग नसताना अंग पुसलं.

मला कळलं. पाडव्याला माझा सत्कार करणार असावेत. नारळ आणि खण. मी कळलं असं दाखवलं नाही.

१६ मार्च, शनिवार

भंवरलालने तिसरं कुलूप आणलं. दोन्ही हातांनी आणलं. विटेएवढं, पितळेचं, सात लिव्हरचं. म्हणाला, “माजी, हे माझ्याकडे एकच आहे. मी कुणाला विकत नाही, पण तुमच्यासारखी परीक्षा घेणारी परत कुठे मिळायची?” साखळीत घालून खाली दाबलं, खाड्‌कन बसलं. चावी? चावी तो दुकानात ठेवणार. परीक्षेत उत्तरं पोराच्या खिशात ठेवत नाहीत, म्हणाला. बरोबर आहे. हुशार माणूस.

गिरधरने तारीख ठरवली. ३० मार्च, दुपारी बारा. तोवर उघडलं तर सूनबाईने नोकरीचं नाव काढायचं नाही. मुलगा पहिल्यांदाच बापासारखा बोलला.

१८ मार्च, सोमवार

आजपासून रोज सकाळी सहा ते बारा ओट्यावर बसायचं ठरवलं. बारानंतर ओट्यावर ऊन येतं.

सूनबाई आज सहालाच आवरून कमलबाईकडे गेली, उन्हाळ्याच्या पापड-बिबड्या घालायला. कमलबाईने यंदा पंधरा पायल्या ज्वारी भिजवली आहे म्हणे, पंधरा दिवस तरी लागतील. विमललाही घेऊन गेली. विमल आमची नात, पाच वर्षांची, माझ्यावर गेलीय. मी म्हटलं जा, शेजाऱ्याला मदत करावी. इथे असती तर सारखी कुलपाकडे बघत बसली असती, आणि मला कुणी बघत असलं की हात चालत नाही.

जाताना कोरी साडी नेसली होती. बिबड्या घालायला कोरी साडी! या मुलींना कापडाची किंमत नाही.

कुलपात छत्रीची काडी घातली. आत खुळ्‌ खुळ्‌ वाजतं. लिव्हर जागच्या हलताहेत. शुभ आहे.

२० मार्च, बुधवार

रोज वाजतं. काल डावीकडे वाजलं, आज उजवीकडे. सात लिव्हर आहेत, म्हणजे दिवसाला एक धरली तरी रविवारी उघडलं पाहिजे.

सूनबाई बाराला आली. बोटं पांढरी, पदराला पांढरं, कपाळावरही पांढरा पट्टा. मी म्हटलं, पीठ झटकून तरी यायचं. ती म्हणाली, बिबड्यांचं चिकट असतं, निघत नाही. पीठ चिकट असतं हे मला कोण सांगतंय! पण चेहरा उजळलेला दिसला. काम केलं की माणसाचा चेहरा उजळतो, हे मी तिला लग्नापासून सांगतेय.

एकही बिबडी घरात आली नाही. विचारलं तर कमलबाई भिंतीवरून म्हणाली, “वाळी राह्यन्यात, बेबाबाई. तुम्ही कुलूप सोडू नका. बठ्ठी गल्ली तुमनाकडे देखी राह्यनी.”

२१ मार्च, गुरुवार

सूनबाईच्या पेटीत फाउंटन पेन होतं. परीक्षेत पहिली आली तेव्हाचं बक्षीस. नीब पितळी, टोकदार, मधे फटही आहे. अशी फट म्हणजे हत्यारच. घातलं. टोक मोडून आत राहिलं. आता कुलूप आणखी छान वाजतं.

पेन परत ठेवलं. झाकण लावलं की काही दिसत नाही.

२२ मार्च, शुक्रवार

पेन सापडलं तिला. हातात घेऊन उभी होती. मी आपण होऊन सांगितलं, मी लपवाछपवी करत नाही. म्हटलं, अगं नोकरी लागली तर नवं घेता येईल, नाही लागली तर पेन कशाला हवं? कसंही बघ, नुकसान नाही.

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तुमचं कुलूप उघडू दे आत्याबाई. मनापासून म्हणाली. माझे डोळे भरून आले.

२४ मार्च, रविवार

रविवारी बिबड्या नसतात म्हणे. पूर्वी असं नव्हतं. सूनबाई दिवसभर घरात. तिच्या समोर बसवेना, म्हणून मी आज कुलपाला सुट्टी दिली. सात दिवसांचा हिशेब चुकला, पण त्यात बिबड्यांचा दोष.

पुना दूधवाला दूध घालायला आला तो उगाच हसत होता. बोरखेड्याचा आहे तो. मी विचारलं, तुमच्या शाळेला मास्तरीण मिळाली का रे? तो म्हणाला, मिळाली म्हणतात. मी म्हटलं, बरं झालं, आमची नाही येणार. त्याच्या हातून दूध सांडलं. हल्ली कुणाच्याच हातात नेट नाही.

२६ मार्च, मंगळवार

नवा विचार. तेल घातलं तर? घातलं, करडईचं, अर्धी वाटी. कुलपातून तेल साखळीवर, साखळीवरून सीटवर. सीट कापडाची आहे. सूनबाईला बसायचं नाहीच, त्यामुळे काही बिघडलं नाही.

विमल मांडीवर येऊन बसली. म्हणाली, आजी, आई फळ्यावर हत्ती काढते. मी म्हटलं हो का. म्हणाली, सगळी मुलं हसली. पोरीला केवढी कल्पना! कमलबाईच्या माळ्यावर जुना फळा असेल, त्यावर खेळत असतील. कामाला जातात का खेळायला? मी चिडले नाही. चार दिवस राहिलेत, खेळू दे.

२७ मार्च, बुधवार

बोटं सुजली. भंवरलाल येऊन गेला, म्हणाला, “माजी, थकलात का? सोडून देता का?” मी म्हटलं, सोडायला मी काय मास्तरीण आहे? तो फार हसला. चांगलं बोललं की दाद देतो.

त्याने बसून बघितलं मी कशी करते ते. गंभीर चेहऱ्याने बघितलं. म्हणाला, डावीकडे जोर द्या. डावीकडे दिला. खुळ्‌. म्हणाला, वा!

२८ मार्च, गुरुवार, अकरा वाजता

उघडलं.

म्हणजे उघडल्यासारखंच झालं. काडी आत घातली, भंवरलालने सांगितलं तशी डावीकडे दाबली आणि आतून एक आवाज आला. खुळ्‌ नाही. खट्‌. स्पष्ट खट्‌. उघडण्याचाच आवाज तो, मी दोन कुलपं उघडलीत, मला कळतो. दांडी वर आली नाही, पण ती तेलाने चिकटली असणार. आवाज आला म्हणजे लिव्हर सुटली. लिव्हर सुटली म्हणजे कुलूप उघडलं. दांडी वर ओढणं हे काही कौशल्याचं काम नाही, ते कुणीही करील.

दांडी ओढून बघितली नाही असं नाही. ओढली. सोळा वेळा.

११.२० वाजता

बहुतेक उघडून परत लागलं असावं. स्प्रिंगचं आहे.

दुपारी

विचार केला. उघडून परत लागलंच. मी बघितलं ना.

२९ मार्च, शुक्रवार, पाडवा

सूनबाईने गुढी उभारली. बिबड्यांना आज सुट्टी. सत्काराचं कुणी काही बोललं नाही, बहुतेक उद्याच्या निकालाबरोबर करणार.

निकाल कुणाला सांगितला नाही. सूनबाईला श्रीखंड वाढलं, माझ्या हाताने, दोनदा. उद्या तिला वाईट वाटणार म्हणून. असं कोण करतं सुनेसाठी?

३० मार्च, शनिवार, संध्याकाळी

काय काय लिहू.

साडेअकरापासून गल्ली ओट्यापुढे जमली. कमलबाई, वना, शेवंताबाई, तोताराम शिंपी, भंवरलाल. गिरधर जिनिंगमधून सुट्टी काढून आला. मी नवी साडी नेसले, सत्कार असेल म्हणून. सूनबाई नव्हती, म्हटलं आली की ऐकेल. बारा वाजले आणि मी जाहीर केलं. कुलूप परवाच उघडलं, अकरा वाजता, छत्रीच्या काडीने. खात्री करून परत लावून टाकलं. तिन्ही नापास. सूनबाईची ऑर्डर आज रद्द होतेय, तिला सांभाळून घ्या, मीही घेईन.

कुणी टाळी वाजवली नाही.

भंवरलालने विचारलं, “माजी, उघडलं तेव्हा दांडी कुठून बाहेर आली?” मी म्हटलं डावीकडून. “आणि हाताला कशी लागली? गरम का थंड?” मी म्हटलं जरा कोमट. “आणि परत लावलं ते सहज बसलं?” अगदी सहज, मी म्हटलं.

आधी कमलबाई हसली. मग वना. मग सगळी गल्ली. तोताराम शिंपी खाली बसून हसला. मला वाटलं आनंदाने हसताहेत, म्हणून मीही हसले. बराच वेळ हसले.

मग भंवरलालने खिशातून चावी काढली आणि कुलपात घालून फिरवली. गरगर फिरली, भोवऱ्यासारखी. काही धरेना. म्हणाला, “माजी, याच्यात काही नाही. दोन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक परत देऊन गेलं. आतलं सगळं तुटलंय. बसतं, पण उघडत नाही. मी उघडू शकत नाही, बनवणारा उघडू शकत नाही. गोदामात ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवलं होतं.”

खुळ्‌ खुळ्‌ वाजत होते ते तुकडे.

मी म्हटलं, पण मी उघडलं. परत सगळे हसले. शेवंताबाई सगळ्यात जास्त हसली, आणि हसताना माझ्याकडेच बघत होती.

तेवढ्यात एस.टी. थांबली आणि सूनबाई उतरली. कमलबाईच्या घरातून नाही, एस.टी.तून! कडेवर विमल, काखेत हजेरीपत्रक, बोटं पांढरी. ओट्यापुढे येऊन म्हणाली, “आत्याबाई, मी अठरा तारखेलाच हजर झाले. सकाळी पुनाच्या बैलांच्या दमणीत बसून जाते.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.

मी म्हटलं, आणि बिबड्या? कमलबाई म्हणाली, “कशान्या बिबड्या, बेबाबाई? अजून ज्वारी बी भिजाडेल नही शे.”

वनाने करवतीने साखळी कापली. मोजून तीन मिनिटं लागली. बारा दिवस मी बसले होते तिथे, तो उभ्याउभ्या कापून गेला. करवत काही घरातली साधी वस्तू नाही, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही, पांगले होते.

नारळ नव्हता.

३१ मार्च, रविवार

शांतपणे विचार केला. मी एवढी चांगली परीक्षा घेतली म्हणून त्यांना फसवावं लागलं. साध्या बाईला कुणी फसवतं का? हे गिरधरला सांगितलं. तो म्हणाला, आई, जेव.

आजपासून कुणाशी बोलायचं नाही. सूनबाईशी तर मुळीच नाही.

दुपारी: सूनबाईशी बोलले. चहात साखर कमी होती.

३ एप्रिल, बुधवार

सूनबाई सायकलवर जाते आता. तेलकट सीटवर जुनं धोतर बांधलंय. कुलूप लावतेस का, मी विचारलं. म्हणाली नाही, मुलं बघतात.

गल्लीत पोरं मला बघून खुळ्‌ खुळ्‌ करतात. लहान आहेत. तोताराम शिंपीही करतो, तो पन्नाशीचा आहे.

तिच्या पेनाचं मनात आलं. नवं नीब आणावं. आणायला भंवरलालच्याच दुकानात जावं लागतं, म्हणून राहिलं.

११ एप्रिल, गुरुवार

सकाळच्या भाकरी आता माझ्याकडे. गिरधर दोन खातो आणि उठतो. तिच्या वेळी तीन खायचा. वय वाढलं की भूक कमी होते.

कमलबाईने खरंच बिबड्या घातल्या. मला बोलावलं नाही.

२ जून, रविवार

बोरखेड्याच्या लोकांनी शाळेजवळची खोली दिली आहे. पावसाळ्यात रस्त्याला चिखल होतो, बाईंनी इथेच राहावं, म्हणाले. बाई म्हणजे आमची सुगंधा. तिथे तिला बाई म्हणतात. गिरधर तिकडे राहून जिनिंगला सायकलवर येणार-जाणार. लेडीज सायकलवर! पाटलांचा मुलगा. मी हे तीनदा म्हटलं.

आपण सगळ्यांनी जायचं का, मी विचारलं. नाही म्हणजे माझी काही हौस नाही, गुडघे आहेत, पण विमलला माझी सवय. गिरधर सूनबाईकडे बघायला लागला. सूनबाई पातेली बांधत होती. म्हणाली, “खोली लहान आहे, आत्याबाई. दोन खाटा जेमतेम बसतात.” खरंच लहान असणार. ती खोटं बोलत नाही. तेवढे बारा दिवस सोडले तर.

९ जून, रविवार

आज गेले. पुनाची दमणी सामानाने भरली, वर विमल. मी हातावर दही घातलं, बोलल्याप्रमाणे. सूनबाई वाकून पाया पडली आणि उठताना म्हणाली, सांभाळून राहा. मनापासून म्हणाली की कशी, ते चेहऱ्यावरून कळलं नाही.

वना म्हणाला, घर एवढं मोठं, मागचं दार, पुढचं दार, भंवरलालकडून दोन कुलपं तरी घेऊन ठेव गिरधर. गिरधर म्हणाला, “कुलूप कशाला? आई आहे ना घरी.”

सगळ्यांनी माना हलवल्या. कुणी हसलं नाही. म्हणजे माझ्यावर भरवसा आहे. दुपारभर ओट्यावर बसून होते. गुडघ्यांमुळे उठवेना.